ठिपके तेच, रांगोळी नवी

तमिळ मार्गळी महिना म्हणजे आपल्याकडचे मार्गशीर्ष-पौषाचे दिवस. तिरुवैयारूच्या गल्लीतून पहाटे चालत गेलात, तर दारोदारी अंगण शिंपलेलं दिसेल आणि त्या ओल्या जमिनीवर वाकलेली एखादी आई, एखादी लेक. चिमटीतून तांदळाचं पीठ सुटतं आणि आधी नुसते ठिपके उमटतात. तीन ठिपक्यांची एक ओळ, तिच्याखाली चारांची, मग पाच, पुन्हा चार, पुन्हा तीन. प्रत्येक ओळीतला ठिपका शेजारच्या ओळीतल्या दोघांच्या बरोबर मधोमध. एकूण एकोणीस. मग रेघ निघते, ठिपक्यांना वळसे घालत फिरते आणि जिथून निघाली तिथेच येऊन मिळते. याला तिथे कोलम म्हणतात. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीची ही सख्खी बहीण. दिवस चढेल तशी पावलं, मुंग्या आणि चिमण्या मिळून ती पुसून टाकतात. उद्या पहाटे ठिपके पुन्हा तसेच, रेघ मात्र वेगळी.

हे एकोणीस ठिपके लक्षात ठेवा. ते पुढे पुन्हा भेटणार आहेत, आणि जिथे भेटतील ती जागा मला आजही थक्क करते. सिलिकॉनच्या चिपवर हजारो छोट्या गणकांना एकाच वेळी कामाला कसं लावायचं, या शास्त्राच्या ऐन गाभ्यात ते बसलेले आहेत.

पाढे पाठ असलेली चिप

आपल्या संगणकातला प्रोसेसर हा एकटा, अतिशय चपळ कारागीर असतो. तो हुकूम वाचतो, पाळतो, पुढचा हुकूम वाचतो. त्याच्या आतली तारांची गुंफण कारखान्यात कायमची ठरलेली असते.

१९८४ साली रॉस फ्रीमन आणि त्यांच्या दोन साथीदारांनी अमेरिकेत झायलिंक्स ही कंपनी काढली, ती एका वेगळ्याच कल्पनेवर. चिप कारखान्यातून अर्धवट ठेवायची. त्यात फक्त ठिपके मांडून द्यायचे. ते कसे जोडायचे हे ज्याचं त्यानं आपल्या टेबलावर ठरवायचं, हवं तर रोज नव्यानं. १९८५ साली आलेल्या त्यांच्या पहिल्या चिपमध्ये असे ६४ ठिपके होते. या जातीच्या चिपला एफपीजीए म्हणतात.

यातला ठिपका म्हणजे काय? पूर्वी पंतोजींच्या शाळेत मुलं पावकी, निमकी, दिडकी घोकत. सतरा पाव किती, असं विचारलं की मूल हिशेब करत बसत नसे. उत्तर तोंडातून आपोआप येई. एफपीजीएचा ठिपका असाच पाठांतरवाला असतो. त्याच्याकडे चार तारांवरून शून्य किंवा एक असे निरोप येतात. चार तारांचे एकूण १६ प्रकारचे निरोप होतात आणि प्रत्येकाचं उत्तर एका छोट्या तक्त्यात लिहून ठेवलेलं असतं. तक्ता बदलला की ठिपक्याचा स्वभाव बदलला. एवढ्याशा सोळा घरांच्या तक्त्यातून ६५,५३६ वेगवेगळे स्वभाव घडवता येतात. ठिपक्यांच्या मधून तारांचं दाट जाळं जातं, आणि कुठली तार कुठल्या तारेला जोडायची हेही बारीक खटक्यांनी ठरतं. सगळे तक्ते आणि सगळे खटके मिळून एक लांबलचक यादी होते. चिपला वीज मिळाली की ही यादी आत भरली जाते, आणि त्या क्षणापासून ती चिप म्हणजे तुम्ही काढलेलं यंत्र असते. बहुतेक एफपीजीएंची वीज गेली की यादीही जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरं अंगण.

२०१९ साली झायलिंक्सनं जाहीर केलेल्या एका चिपमध्ये कंपनीच्या हिशेबानं असे सुमारे ९० लाख ठिपके होते. शिवाय अलीकडच्या एफपीजीएंमध्ये हजारो तयार गुणाकार-बेरजेच्या खोल्याही ओळीनं बसवलेल्या असतात. मात्र या चिपचा ठोका संथ असतो. आपल्या लॅपटॉपचा प्रोसेसर सेकंदाला तीन-चारशे कोटी ठोक्यांवर चालतो. एफपीजीएवरचं यंत्र बहुधा काही कोटींपासून काही दहा कोटींपर्यंतच. वेगात ती हरते, तिचं बळ हातांच्या संख्येत आहे. आणि मग प्रश्न उभा राहतो: एवढ्या हातांपैकी कोणी, केव्हा, कुठे उभं राहून काय करायचं? सगळेच हात एका दारात गर्दी करू लागले तर कामाऐवजी चेंगराचेंगरी होते.

दारं धरण्याचं गणित

या प्रश्नाचं उत्तर कळायला तिरुवैयारूसारखं गाव नाही. नावातच सगळं आहे: तिरु म्हणजे श्री, ऐ म्हणजे पाच, आरु म्हणजे नदी. कावेरी, कुडमुरुट्टी, वेण्णारु, वेट्टारु आणि वडवारु या पाच प्रवाहांच्या मुलखातलं हे गाव. वरच्या अंगाला चोळ राजा करिकालाच्या नावानं ओळखला जाणारा कल्लणै हा दगडी बंधारा आहे. तिथून कावेरीचं पाणी फाट्या-फाट्यांनी तंजावरच्या भातखाचरांत उतरतं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तंजावरची गादी भोसल्यांकडे होती. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातला १८०३ सालचा मोठा मराठी शिलालेख त्याची साक्ष देतो.

आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी एक शब्द आहे: दारं धरणं. पाट वाहत असतो, वाफे जागच्या जागी असतात. शेतकरी फावड्यानं एका वाफ्याचं तोंड उघडतो, तो भरला की बुजवतो आणि पुढच्याचं उघडतो. तो पाणी डोक्यावर वाहून नेत नाही. पाणी स्वतः चालत येतं. त्याचं काम एवढंच: कुठलं दार, कुठल्या घटकेला.

साध्या संगणकात मात्र प्रत्येक आकडा जणू घागरीनं आणला जातो. स्मृतीच्या नदीवर जायचं, एक घागर भरायची, गुणाकाराच्या वाफ्यात ओतायची, परत जायचं. गुणाकार क्षणात होतो. वेळ आणि ऊर्जा जाते ती खेपांमध्ये.

१९७८ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात एच. टी. कुंग आणि चार्ल्स लेझरसन यांनी या खेपा थांबवणारी रचना मांडली. स्मृतीतून एक आकडा एकदाच उचलायचा आणि एकसारख्या छोट्या गणकांच्या रांगेतून त्याला वाहू द्यायचं. प्रत्येक ठोक्याला प्रत्येक गणक शेजाऱ्याकडून काही घेतो, आपलं इवलंसं काम करतो आणि पुढच्या शेजाऱ्याला देतो. लांबवर निरोप पाठवायचाच नाही. हृदय आकुंचन पावतं तसं रक्त ठेक्यात पुढे ढकललं जातं, त्या आकुंचनाच्या वैद्यकीय नावावरून त्यांनी या रचनेला सिस्टॉलिक अ‍ॅरे म्हटलं. कावेरीकाठच्या माणसाला हे सांगायला हृदयही लागणार नाही. वाफे स्थिर आणि पाणी वाहतं, एवढ्यात ते कळेल.

कुठे आणि केव्हा

आता एक खरं काम घेऊ आणि त्यासाठी अशी रांग कशी आखतात ते पाहू.

जीवशास्त्रज्ञांना दोन डीएनए साखळ्या ताडून बघायच्या असतात. साखळी म्हणजे ए, सी, जी, टी या चारच अक्षरांची लांबलचक माळ. चौकटीच्या वहीवर एक माळ वरच्या कडेला लिहा, दुसरी डाव्या कडेला. आतल्या प्रत्येक चौकटीत एक आकडा भरायचा: इथवर या दोन माळा जास्तीत जास्त किती जुळतात. हा आकडा काढायला तीनच शेजारी लागतात: डावीकडचा, वरचा आणि वर-डावीकडच्या तिरक्या कोपऱ्यातला.

दोन्ही माळा हजार अक्षरांच्या असतील तर चौकटी झाल्या दहा लाख. एकटा कारागीर त्या एकामागून एक भरेल: दहा लाख पावलं. पण जरा थांबून बघा. सुरुवातीला फक्त कोपऱ्यातली चौकट भरता येते. ती भरली की तिच्या उजवीकडची आणि खालची, दोन्ही एकदम भरता येतात. मग तीन, मग चार. तिरक्या रेषेवरच्या चौकटींना एकमेकींची वाट पाहावी लागत नाही. जणू एक तिरकी लाट कोपऱ्यातून निघते आणि वही पार करून जाते.

म्हणजे "केव्हा" याचं उत्तर सापडलं: ओळीचा क्रमांक अधिक स्तंभाचा क्रमांक. ही बेरीज ज्यांची सारखी, त्या चौकटी एकाच ठोक्याला भरायच्या. आणि "कुठे"? प्रत्येक स्तंभाला एक गणक द्या. तो गणक वरच्या माळेतलं एक अक्षर मुठीत धरून जागेवर बसतो, दुसरी माळ त्याच्यासमोरून वाहत जाते. हजार गणक, १,९९९ ठोके, काम पूर्ण. दहा लाखांचे दोन हजार झाले, आणि एकाही गणकाला शेजाऱ्यापलीकडे कोणाशी बोलावं लागलं नाही.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मेरिलँड इथे स्प्लॅश नावाच्या यंत्रात झायलिंक्सच्या ३२ चिपा एका रांगेत जोडून नेमकं हेच केलं गेलं. डीएनए ताडण्याच्या या एका कामात त्या रांगेनं क्रे-२ या त्या काळच्या महासंगणकालाही मागे टाकलं.

यातल्या ज्या गोष्टीवर मी भाळलो ती अशी: कामाच्या प्रत्येक कणाला दोन पत्ते असतात, एक जागेचा आणि एक काळाचा. हे पत्ते वाटून देणं म्हणजेच आराखडा. आणि वाटताना दोनच नियम पाळायचे. ज्याचं उत्तर मला हवं आहे, त्याचा ठोका माझ्या आधीचा असला पाहिजे. आणि एकाच जागी, एकाच ठोक्याला, दोन कामं येता कामा नयेत. भटजीबुवा मुहूर्त काढतात तसा लाखो कामांचा मुहूर्त इथे एका साध्या बेरजेतून निघतो.

लाडवांची पेटी

आता कोष्टकांचा गुणाकार. दोन चौकोनी कोष्टकं घ्यायची, एकाची ओळ दुसऱ्याच्या स्तंभाशी गुणून बेरीज मांडायची. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता बोलते, चित्रं काढते, भाषांतर करते, त्या सगळ्याच्या तळाशी बव्हंशी असल्याच गुणाकारांचे डोंगर असतात.

तीन-बाय-तीनची कोष्टकं घेतली तर नऊ उत्तरं आणि प्रत्येकासाठी तीन गुणाकार: एकूण २७. हे सत्तावीस गुणाकार पेटीत रचलेल्या मोतीचुराच्या लाडवांसारखे डोळ्यांपुढे आणा. तीन थर, थरात तीन ओळी, ओळीत तीन लाडू. प्रत्येक लाडवाला तीन क्रमांक मिळाले: कितवी ओळ, कितवा स्तंभ, कितवा थर. तिघांची बेरीज करा, तो त्याचा ठोका. सगळ्यात लहान बेरीज ३, सगळ्यात मोठी ९. म्हणजे सत्तावीस कामं सात ठोक्यांत आटोपतात.

जागा कशी ठरवायची? इथे या शास्त्रातली सर्वांत देखणी युक्ती येते: पेटीची सावली पाडायची. सूर्य डोक्यावर असताना सावली तीन-बाय-तीनची पडते. एका उभ्या रांगेतले तिन्ही लाडू एकाच सावलीत जातात, म्हणजे ती तिन्ही कामं एकाच गणकाला. नऊ गणक झाले. उत्तरं त्यांच्याजवळ बसून वाढत राहतात, दोन्ही कोष्टकांचे आकडे आडवे-उभे वाहतात. ऊन बाजूनं आलं तर सावली पुन्हा नऊचीच, पण आता एका कोष्टकाचे आकडे गणकांजवळ स्थिर राहतात आणि उत्तरं वाहू लागतात. गुगलनं २०१५ पासून आपल्या संगणक-केंद्रांत वापरलेल्या टीपीयू या चिपच्या पहिल्या पिढीत ही दुसरी मांडणी होती: २५६ ओळी, २५६ स्तंभ, ६५,५३६ गणक. ती चिप मात्र कायमची ओतलेली. एफपीजीएवर पहिली मांडणी पुसून दुसरी रेखता येते.

आता तिसरं ऊन. पेटी एका टोकावर उभी करा आणि एका कोपऱ्यातून थेट समोरच्या कोपऱ्याकडे प्रकाश जाऊ द्या. सावली षट्कोनी पडते. सत्तावीस लाडवांपैकी आठ दुसऱ्यांच्या आड जातात आणि उरलेले ओळींत दिसतात. मोजा: तीन, चार, पाच, चार, तीन.

एकोणीस ठिपके. तिरुवैयारूच्या अंगणातले.

कुंग आणि लेझरसन यांची षट्कोनी जाळी हीच. तिच्यात स्थिर काहीच नाही. दोन्ही कोष्टकं आणि उत्तरं असे तीन प्रवाह तीन दिशांनी एकमेकांना छेदत जातात. मधल्या ठिपक्यावर पहिल्या, चौथ्या आणि सातव्या ठोक्याला काम येतं. एकाहून जास्त कामं येणारा कुठलाही ठिपका एक ठोका काम करतो आणि दोन ठोके थांबतो. हातांची अशी उधळण नऊ गणकांच्या मांडणीत नाही, तिच्यात तिन्ही कामं लागोपाठ येतात. पण ज्या कोष्टकांत आकडे फक्त कर्णाच्या आसपासच्या पट्ट्यात असतात, त्यांना ही जाळी फार नेमकी बसते. एकच काम, एकच पेटी; ऊन कुठून आलं त्यावर यंत्र ठरतं.

हे गणित एका दिवसात सापडलं नाही. १९६७ साली रिचर्ड कार्प, रेमंड मिलर आणि श्मुएल विनोग्राड यांनी असल्या नियमित कामांचा काळ कसा ठरवायचा याचा पाया घातला. १९७४ साली लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिरक्या लाटेची रीत संगणकाच्या आज्ञावलींना लावली. १९८४ साली फ्रान्समध्ये पात्रीस कँतों यांनी समीकरणांवरून थेट जाळी काढायची पद्धत दिली. पुढे ज्यांनी ती वाढवली त्यांत संजय राजोपाध्ये हे नाव आहे, आणि ते वाचताना मराठी डोळा क्षणभर थांबतोच. २०२१ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जेसन काँग यांच्या गटानं ऑटोएसए नावाचं साधन मांडलं. त्याला साध्या सी भाषेत तीन वेटोळ्यांचा (लूपचा) गुणाकार लिहून दिला की ते वेगवेगळ्या उन्हांतल्या सावल्या स्वतः पाडून बघतं आणि एफपीजीएसाठी जाळी काढून देतं.

पाळी

एक अडचण राहते. पेटी लहान होती म्हणून सावली अंगणात मावली. खऱ्या कामात कोष्टकं हजार-हजार ओळींची असतात, आणि चिपवर जागा असते, समजा, १६ ओळी आणि १६ स्तंभांपुरती. मग काय करायचं?

पाटाच्या पाण्यावर जगणाऱ्या गावाला याचं उत्तर ठाऊक असतं. सगळी शेतं एकदम भिजत नाहीत, पाळी लावावी लागते. १,०२४ ओळींचं उत्तर १६-बाय-१६ च्या तुकड्यांत कापलं तर ६४ गुणिले ६४, म्हणजे ४,०९६ तुकडे होतात. जाळी तीच राहते. तुकडे एकामागून एक तिच्यावरून जातात. एका तुकड्याचं काम चालू असताना पुढच्या तुकड्याचे आकडे चिपवरच्या छोट्या साठ्यात आणून ठेवले, तर जाळी एक ठोकाही रिकामी राहत नाही.

आराखडा करणाऱ्याचं खरं कसब या पाळीत दिसतं. तुकडा मोठा घेतला तर साठा पुरत नाही. लहान घेतला तर तेच आकडे पुन्हा पुन्हा नदीवरून आणावे लागतात. दोन मोठ्या कोष्टकांच्या गुणाकारात प्रत्येक आकडा शेकडो वेळा लागतो. तो एकदा आणून किती वेळा वापरला, यावर यंत्राची किंमत ठरते. शंभर-बाय-शंभरच्या गुणाकारात दहा लाख छोटे गुणाकार असतात. प्रत्येकासाठी दोन घागरी आणल्या तर खेपा वीस लाख. दहा हजार गणकांच्या जाळीतून आकडे वाहू दिले तर प्रत्येक आकडा एकदाच आणायचा: खेपा वीस हजार, आणि काम २९८ ठोक्यांत संपतं. खेपांचा हा शंभर पटींचा फरक गणकाच्या हुशारीतून आलेला नाही. तो सगळा मांडणीतून आला.

खोडदचं आभाळ

मराठी मुलखात अशा चिपा रात्रंदिवस कुठे राबताना पाहायच्या असतील तर जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळ खोडदला जायला हवं. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण तिथे आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. त्या सगळ्या मिळून एक डोळा होतात, पण त्यासाठी प्रत्येक तबकडीची लहर दुसऱ्या प्रत्येक तबकडीच्या लहरीशी गुणावी लागते. तीस तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५.

पूर्वी ही दुर्बीण एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकत असे. सुधारणेनंतर ती ४०० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकू लागली. एवढा पट्टा टिपायचा तर प्रत्येक लहरीचे सेकंदाला ८० कोटी नमुने घ्यावे लागतात, आणि प्रत्येक तबकडीतून दोन लहरी येतात. म्हणजे साठ पाट अखंड वाहताहेत आणि एकालाही क्षणभर थांब म्हणता येत नाही. इथे पहिल्या दारावर एफपीजीए उभ्या आहेत. त्या लहरींचे झालेले आकडे झेलतात, गठ्ठे बांधतात आणि मागच्या जीपीयू या वेगळ्या जातीच्या चिपांकडे पाठवतात. जोड्यांचा गुणाकार तिकडे होतो. कुठलं काम कुठे, याचाच हा विचारपूर्वक काढलेला निवाडा. थेंबही न सांडता ठेक्यात ओघ झेलायचा, हे एफपीजीएचं काम. दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट दुर्बिणीनं ६४ तबकड्यांच्या २,०१६ जोड्यांचा गुणाकारही एफपीजीएंवरच उभा केला होता.

खोडदला "केव्हा" हा प्रश्न आभाळाएवढा होतो. ताऱ्याकडून आलेली लाट सगळ्या तबकड्यांवर एकाच वेळी आदळत नाही. २५ किलोमीटर पार करायला तिला ८३ मायक्रोसेकंद लागू शकतात, आणि तेवढ्यात ८० कोटींच्या गतीनं सहासष्ट हजारांहून जास्त नमुने घेऊन झालेले असतात. जवळच्या तबकडीचे नमुने तेवढे थांबवून धरायचे, म्हणजे एकाच लाटेचे तुकडे एकमेकांना भेटतील. शिवाय पृथ्वी फिरते, त्यामुळे हे थांबवणंही सतत बदलत राहतं. जाळीत वरची ओळ आधी आणि खालची एकेक ठोका उशिरा सोडतात, ती रीत इथे डोंगर-शिवारांवर पसरलेली दिसते. कावेरीवरही हेच आहे: मेट्टूर धरणाचं पाणी शिरस्त्याप्रमाणे १२ जूनला सुटतं आणि कल्लणैची दारं तीन-चार दिवसांनी उघडतात. पाणी वाटेत आहे हे धरून.

आठ मात्रा

तिरुवैयारूचा विषय कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांच्याशिवाय पूर्ण होत नाही. ६ जानेवारी १८४७ रोजी, तंजावरच्या गादीवर दुसरे शिवाजीराजे भोसले असताना, त्यागराजांनी इथे देह ठेवला. कावेरीकाठी त्यांची समाधी आहे. दरवर्षी पौष वद्य पंचमीला तिथे शेकडो गायक-वादक समोरासमोर बसतात आणि त्यांच्या पंचरत्न कृती एकत्र गातात. नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री असे राग पाच, पण ताल एकच: आदिताल, आठ मात्रांचा. एक टाळी, तीन बोटं, मग टाळी आणि उलटा हात, पुन्हा टाळी आणि उलटा हात. समोर काठी हलवणारा कोणी नसतो. प्रत्येकाचा ताल त्याच्या स्वतःच्या मांडीवर.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. चौतीस मीटर लांब बसलेल्याचा सूर आपल्यापर्यंत दशांश सेकंद उशिरा पोचतो. दूरच्याचं ऐकून गाऊ म्हणणारा मागे पडणारच. शेजाऱ्याचं ऐकायचं आणि मात्रा आपल्या हातात धरायची, मग मंडप केवढाही मोठा झाला तरी लय तुटत नाही. चिपचंही तेच. सेकंदाला पन्नास कोटी ठोके असतील तर एका ठोक्याला दोन नॅनोसेकंदच मिळतात, आणि बारीक तारांतून निरोप चिपच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाताना तेवढ्यात दमतो. म्हणून ठोका सगळीकडे सारखा पोचवणाऱ्या खास तारा वेगळ्या असतात, आणि बाकी सगळं बोलणं शेजाऱ्याशी. जाळी शंभर गणकांची असो की हजाराची, प्रत्येकाला आपला शेजारी आणि आपली मात्रा एवढंच सांभाळायचं असतं. म्हणूनच ती वाढवता येते.

आता पुन्हा त्या अंगणाकडे या. संध्याकाळ झाली आहे आणि सकाळचं कोलम उरलेलं नाही. कुठल्याशा प्रयोगशाळेत कोणी दिवा मालवून एफपीजीएची वीज बंद केली असेल, आणि लाख खटक्यांची ती गुंफणही क्षणात गेली असेल. दोन्हीकडे हळहळ नाही. आईनं लेकीला दिलेलं कोलम कधीच पुसून गेलेलं असतं. तिनं दिलेली रीत, किती ठिपके, कशा ओळी, रेघ कुठून न्यायची, ही मात्र लेकीच्या बोटांत असते. कुंग आणि लेझरसन यांच्या काळातल्या चिपा केव्हाच जुन्या झाल्या, स्प्लॅश थांबलं, आणि तिरक्या लाटेची बेरीज व पेटीची सावली अजून तशीच वापरात आहे. उद्या पहाटे एक हात पुन्हा पिठाच्या डब्यात जाईल. पहिला ठिपका पडायच्या आधीच त्या हाताला एकोणिसावा कुठे येणार ते ठाऊक असेल.